दिवाळीसाठी कंपनीचे तीन लाख आहेत, आपल्याकडच्या कलावंतांपर्यंत नीट कसे पोचवायचे?

पारोळ्याची लेक यांचा प्रश्न

राम राम मंडळी.

मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे कायमची १६० माणसं आहेत आणि ठेकेदाराकडची ३८. निम्मी माणसं पारोळा, एरंडोल, धरणगावच्या खेड्यांतली, बाकीची यूपी-बिहारची. दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी स्नेहसंमेलन असतं. हॉल, ऑर्केस्ट्रा, जेवण आणि जाताना मिठाईचा बॉक्स.

या वर्षी शेठनी मला बोलावून सांगितलं, "ताई, ऑर्केस्ट्रा नको. आपल्या भागातल्या कलेसाठी, आपल्या माणसांसाठी काहीतरी करू. तीन लाखांपर्यंत जाऊ. काय करायचं ते तुम्ही ठरवा." मला मनापासून आनंद झाला, पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हे काम मी एकदा हातात घेतलं होतं आणि ते बिघडलं होतं. तेच आधी सांगते, म्हणजे मला काय विचारायचंय ते कळेल.

आमच्या गावात वहीगायनाचं, म्हणजे डफाच्या साथीने रात्री म्हणायच्या खान्देशी लोकगाण्यांचं मंडळ आहे. माझे आबा, वडिलांचे वडील, त्यात डफ वाजवायचे. श्रावणात कानबाई देवीच्या जागरणाला वह्या सुरू झाल्या की आम्ही पोरं आईच्या मांडीवर झोपायचो, मध्येच जाग आली तरी डफ चालूच असायचा. दोन वर्षांपूर्वी मीच हट्ट करून त्या मंडळाला स्नेहसंमेलनाला बोलावलं. सात जण पिकअपमधून आले, धुतलेली धोतरं, फेटे बांधून. साडेसहाची वेळ दिली होती. पाहुण्यांना उशीर झाला, तेव्हा आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं की पाहुणे येईपर्यंत यांना गेटवर उभं करा, स्वागताला वाजवतील. तास-सव्वातास ते गेटवर उभे होते. स्टेजवर त्यांची पाळी आली ती बक्षीस वाटप आणि डीजेच्या मध्ये. बारा मिनिटं.

त्यातही डफ लागेना. ज्यांनी डफ जवळून पाहिलाय त्यांना माहीत असेल, त्याचं चामडं थंडीत, दहिवरात ढिलं पडतं. मग पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, नाहीतर गवताचा जाळ करून त्यावर तो फिरवतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघतात, आवाज खणखणीत आला की उठतात. गेटवर उभं राहून चामडं सैल झालं होतं. म्हाताऱ्या डफवाल्यांनी पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात चार कागद पेटवले, तर वॉचमनने धावत येऊन ते पायाने विझवले. त्याचंही बरोबर होतं, शेजारी गाड्या होत्या. मी तिथे पोचले तेव्हा ते डफवाले बाबा डफ छातीशी कवटाळून बसले होते, वरून उपरणं गुंडाळलेलं. अंगाच्या उबेने काही होतं का बघत होते. मला म्हणाले, "डफ बोलस नही आज, पोरी." स्टेजवर खरंच नुसता भद्-भद् आवाज आला. मागच्या खुर्च्यांवरची पोरं हसली.

आणि मानधन? बिल नाही, व्हाउचर नाही म्हणून फाइल फिरत राहिली. पैसे अडीच महिन्यांनी गेले, संक्रांत उलटून. त्या काळात मंडळाच्या प्रमुखांचा मला दोनदा फोन आला. दोन्ही वेळा पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. "कशी शे पोरी, पोरंसोरं बरी शेत ना?" एवढंच विचारलं. फोन कशासाठी आहे ते मला कळत होतं. मी अकाउंट्सला बसते आणि मलाच ते पैसे काढता आले नाहीत, याची लाज अजून जात नाही.

म्हणून या वेळी नीट करायचंय. विचारायचं ते असं. हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चात, धरतात का? कलावंतांशी बोलणी करताना काय काय आधी ठरवावं? दिवाळीच हा योग्य मुहूर्त आहे का, की आपल्याकडच्या कलांसाठी दुसरा सण धरावा? आणि सगळे पैसे एका रात्रीच्या कार्यक्रमातच घालावेत का? जाणकारांनी सविस्तर लिहा. घाई नाही, अजून गणपतीही बसायचेत.

---

तापीकाठचा सीए

ताई, कायद्याचं आधी उरकून टाकू.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ तुमच्या कंपनीला लागू आहे का ते बघा. मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तर लागू. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे विषय बसतो. पण दोन गोष्टी अडतात. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआर धरत नाहीत, आणि आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही नाही. शिवाय एखाद्या संस्थेमार्फत पैसे द्यायचे असतील तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची सीएसआर-१ फॉर्मवर नोंदणी लागते. खेड्यातल्या वहीमंडळाकडे ती कुठून असणार?

चटईचे बरेचसे कारखाने या मर्यादांच्या खालीच आहेत. तुमचाही तसाच असेल तर सीएसआर हा शब्दच डोक्यातून काढा. शेठचे पैसे आहेत, मनाने द्यायचेत, सरळ द्या.

तुमच्या अडीच महिन्यांवर मात्र मला बोलायचंय, कारण हे मी खूप ठिकाणी पाहतो. कलावंताकडे बिलबुक नसतं आणि कंपनीला कागद लागतो, यातच सगळं अडकतं. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी तुम्ही स्वतः गावी जा. प्रत्येकाचं पॅन, बँक पासबुकाचा फोटो, सही किंवा अंगठ्याची पावती घेऊन ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, म्हणून रक्कम सात जणांच्या सात खात्यांवर टाका, प्रमुखाच्या एकाच खात्यावर नको. टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा आयकर) कापावा लागणार असेल तर ते आधीच सांगा, आणि कापून ठरलेली रक्कम हातात पडेल असा आकडा धरा. म्हाताऱ्या माणसाला नंतर टक्केवारी समजावत बसू नका.

---

ढोलकीचं घर

ताई, तुमचं वाचून घशाशी आलं. मी चाळीसगावकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या ढोलकी आहे, वडील तमाशाच्या फडात होते. मी नोकरी करतो, पण सुट्टीत अजून वाजवतो. बोलणी कशी करायची ते मी सांगतो.

पहिली गोष्ट, सुपारी देताना विसार, म्हणजे आगाऊ पैसे द्या. निम्मी रक्कम. कलावंत विसार घेतो तेव्हा तो ती तारीख तुमच्यासाठी राखतो, दुसरं काम सोडतो. आमच्याकडे तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो, म्हणजे तुमची दिवाळी ऐन हंगामात येते. फडातला माणूस त्या दिवसांत मोकळा नसतो. वही म्हणणारे बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. त्यांची त्या वेळी कापसाची वेचणी असते, एक दिवस आला म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. बिदागी ठरवताना हे धरा. सात जणांना किती द्यायचे हे तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगतो, ऑर्केस्ट्राला काय देत होतात तो आकडा समोर ठेवा आणि तिथून सुरुवात करा. "गावचेच आहेत, समजून घेतील" इथून करू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. वही असो की तमाशा, या रात्रीच्या कला आहेत. बारा मिनिटांत वही होत नाही, गण म्हणायलाच तेवढा वेळ जातो. पण उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, सकाळी सहापर्यंत बंदी. सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस कोणते ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमची तारीख त्यात येते का बघा. नसेल तर संध्याकाळी सातला सुरू करा म्हणजे तीन तास मिळतील. तीन तासांत त्यांना रंगात यायला जागा मिळते. आणि त्या तीन तासांत भाषण, सत्कार, लकी ड्रॉ काही नको. पाहुणे उशिरा आले तर येऊन मागे बसतील.

तिसरं. जेवण कार्यक्रमाच्या आधी विचारा, नंतर विचारा, पण त्यांना कामगारांच्याच पंगतीत बसवा. मी एका मोठ्या ठिकाणी वाजवायला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे आम्हाला स्वयंपाकघराच्या मागे ताटं दिली. वडील जेवले नाहीत. त्यांनी शिरा कागदात बांधून घेतला, घरी नातीला आणून दिला. परत त्या गावाला ते कधी गेले नाहीत.

बाई कलावंत असतील तर कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली हवी. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण लिहितो.

आणि ते डफवाले बाबा. त्यांचं वय किती? पन्नाशी उलटलेल्या कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. आता महिन्याला ५००० रुपये मिळतात. कागदपत्रांत कला सादर केल्याचे पुरावे लागतात आणि खेड्यातल्या माणसाकडे तेच नसतात. तुमच्या कंपनीने लेटरहेडवर कार्यक्रमाचं पत्र दिलं, तारखेचे फोटो दिले, तर त्यांच्या फाइलला आधार होईल. याला एक रुपया लागत नाही.

---

अक्राणीचा मास्तर

मी धडगावकडे शिक्षक आहे. ताईंनी विचारलंय की दिवाळीच मुहूर्त का, त्यावर सांगतो.

मागे एका कंपनीची माणसं आमच्याकडे आली होती. त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाला होळीचा नाच हवा होता. मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, अंगावर नक्षी, हे सगळं त्यांनी काठी गावच्या होळीच्या फोटोत पाहिलं होतं. गावातल्या जाणत्याने शांतपणे नाही म्हटलं. कंपनीवाल्यांना वाटलं पैसे कमी पडले, त्यांनी आकडा वाढवला. तरी नाही.

कारण असं की बावा-बुध्या, म्हणजे हा साज चढवून होळीत नाचणारा माणूस होळीआधी पालनी पाळतो. त्या दिवसांत खाटेवर झोपत नाही, बायकोच्या हातचं खात नाही, नवस असतो तो. तो साज म्हणजे त्या व्रताचा साज. कार्तिकात, पालनी न करता, खुर्च्यांसमोर तो अंगावर कसा चढवायचा? आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला वाघबारस असते, वाघदेवाची पूजा असते. त्याची गाणी निराळी, वाजवायची रीत निराळी.

म्हणून माझं म्हणणं, कला आपल्या तारखेला ओढून आणण्यापेक्षा तिची तारीख विचारावी. वहीची तारीख श्रावणातली कानबाई असेल, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची वैशाखातली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, ते एमआयडीसीच्या हॉलमध्ये कसं होणार? तुमच्या शेठना सांगा, तीन लाखांतले काही पैसे आखाजीसाठी ठेवा, आणि त्या वेळी कामगारांच्या गावी जा.

आणि वाद्यांना पैसे द्या. मोठा ढोल फुटला की नवा करायला लाकूड, चामडं, करणारा माणूस, सगळंच महाग झालंय. आमच्या एका पाड्यावर दोन वर्षं शेजारच्या पाड्याचा ढोल उसना आणून होळी केली. नव्या ढोलावर कंपनीचं नाव रंगवू नका एवढी विनंती.

---

जुनं जळगाव

सगळ्यांनी कार्यक्रमाचंच लिहिलं, मी बॉक्सबद्दल लिहितो.

मिठाईचा बॉक्स ठेवा, पण त्याच्यासोबत पणत्या आपल्या कुंभारांकडून घ्या. फक्त ऑर्डर दिवाळीच्या आठवड्यात देऊ नका. माती कमवायची, चाकावर घडवायची, सावलीत सुकवायची, मग भट्टी. आश्विनात अवकाळी आला की सुकायला टाकलेला माल जातो, आणि नुकसान एकट्या कुंभाराचं होतं. भाद्रपदात ऑर्डर आणि निम्मे पैसे दिलेत तर तो निवांत करतो. बचत गटाच्या बायकांकडून ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापडही मिळतात, पण ते उन्हाळ्यात केलेले असतात, किती शिल्लक आहेत ते आत्ताच विचारा.

अजून एक. बाहेरच्या माणसांना कार्तिकी एकादशीचा आमचा रथ दाखवा. दिवाळीनंतर लगेच येतो. बरेच जण नुसता रथ बघतात. मी लहानपणापासून मोगरी लावणाऱ्यांकडे बघत आलोय. एवढा मोठा लाकडी रथ, ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, चाकाखाली लाकडी मोगरी टाकून माणसं तो थांबवतात, वळवतात. चाक बोटांपासून वीतभर अंतरावर असतं. ती कला कुठल्याच कार्यक्रमाच्या यादीत नसते. रथ भिलपुऱ्यात लालशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे चादर चढवतात, ते बघायला मी दर वर्षी जातो. तुमचे यूपीचे कामगार छटपूजेला गावी गेले नसतील तर त्यांना घेऊन या. त्या गर्दीत पाणी आणि चहा लागतो, बॅनर लागत नाही.

---

लूम नंबर चार

मी पण चटईच्याच लाइनीत आहे, दुसऱ्या कंपनीत. दोनच गोष्टी.

बोनसला हात लावू नका. कायद्याने किमान ८.३३ टक्के आहे, तो आमचा हक्क आहे, तो दिवाळीआधी वेळेवर मिळाला की माणूस कार्यक्रमाला मोकळ्या मनाने येतो. आमच्याकडे एका वर्षी झगमगाट मोठा झाला आणि बोनस दिवाळीनंतर आला. त्या रात्री कुणाला टाळ्या वाजवाव्या वाटल्या नाहीत.

दुसरं, ठेकेदाराची ३८ माणसं. त्यांना बॉक्स मिळतो का ताई? तुम्ही ते लिहिलं नाही. आमच्याकडे हमालांना मिळत नाही. गेटवर उभे राहून बघतात.

---

पारोळ्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तरं वाचत होते, काल प्रिंट काढून शेठच्या टेबलावर ठेवली.

लूम नंबर चार भाऊ, तुमचा प्रश्न खरा होता. नाही, मिळत नव्हता. यादी मीच करते, आणि हजेरीपट वेगळा म्हणून ती ३८ नावं माझ्या यादीत कधी आलीच नाहीत. या वर्षी यादी १९८ ची आहे. शेठनी काही न बोलता सही केली. बोनस धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी खात्यावर जाईल, तेही त्याच कागदावर लिहून घेतलं.

सीएसआर आम्हाला लागू नाही, शब्द काढून टाकला. हॉल रद्द केला, त्याचे पैसे वाचले. कार्यक्रम गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या जागेत, खाली आमच्याच चटया अंथरून. सात ते दहा, फक्त वही. घरच्या मंडळींसह बोलावणं आहे. शेठ म्हणाले, दोन शब्द तरी बोलू दे. मी ढोलकीच्या घरातल्या दादांचं उत्तर परत वाचून दाखवलं, तर म्हणाले, बरं, जेवताना बोलतो. मंडळ आमच्याच पंगतीत बसेल. बिदागी ऑर्केस्ट्राच्या आकड्यावरूनच ठरवली, निम्मा विसार रविवारी मी स्वतः गावी नेऊन दिला, सात पासबुकांचे फोटो काढून आणले. त्यातली दोन खाती बंद पडलेली निघाली, ती चालू करायला बँकेत जावं लागेल. हे दिवाळीनंतर कळलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

पणत्या माणशी एक डझन, म्हणजे २३७६. कुंभारदादांना आकडा सांगितला तर त्यांनी दोनदा विचारलं. निम्मे पैसे दिले.

एक लाख दहा हजार आखाजीसाठी बाजूला ठेवायचे ठरलंय. मास्तर, तुमच्या सांगण्यावरून. त्यातून आमच्या मंडळाचे दोन डफ नव्याने मढवायचे आणि बाकीचं काय ते गावातल्या बायकांना विचारून. नाव रंगवणार नाही.

बाबांचं वय ७१ आहे. मानधनाची फाइल कधी कुणी केलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे फोटो माझ्याकडे होते, तारखेसह. त्यात ते डफ छातीशी धरून बसलेत. तो फोटो मी इतके दिवस उघडत नव्हते, आता तोच फाइलला लावतेय.

विसार देऊन निघाले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. पैशांकडे त्यांनी बघितलंही नाही. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पोरी, जाळ कराले जागा शे ना?"

आज सकाळी गोडाऊनमागे जाऊन मी जागा बघून आले. चटयांपासून तीस पावलांवर, वारा उलट्या बाजूने जातो तिथे. सेफ्टी ऑफिसर बरोबर होते, वाळूच्या दोन बादल्या आणि एक माणूस तिथे उभा राहील. चुन्याने गोल आखून ठेवलाय. पऱ्हाट्या गावाहूनच येणार आहेत, पिकअपमध्ये त्यांच्यासोबत.